बावीस कार्डं

"बावीस आहेत, राजमतीबाई. मोजून घ्या. लाज वाटली तर वाटू द्या, पण एकही गाळू नका."

बिरनाळे सरांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा माझ्यापुढं सरकवला. एरवी ते कार्डं नुसती रबर लावून द्यायचे. गुंडाळलेली पहिल्यांदाच दिली होती.

"असं काय आहे सर यात?"

"पुरुषाला पुरुष आवडतो, बाईला बाई आवडते, त्याबद्दल इंग्रज आडून आडून काय काय म्हणतो, ते आहे. सरळ एकदाही म्हणत नाही लेकाचा."

"पण हे कॉलेजच्या मुलांच्या पुस्तकात..."

"मुलं वाचतातच. अर्थ न कळता वाचतात, एवढंच. हे बघा, तुम्ही देवळात जाता तशा कोशात येऊ नका. दवाखान्यात जाता तशा या. तिथं कुणी लाजत नाही."

मी मान खाली घालून गठ्ठा पिशवीत टाकला. सर हसले. "रविवारपर्यंत नको, शनिवारीच पाठवा. भरतेशच्या हातून."

सर कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून मराठी मुलांसाठी इंग्रजी वाक्प्रचारांचा कोश करत होते. मी सांगलीतल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि शाळा सुटल्यावर त्यांची कार्डं भरायची. पोस्टकार्डाएवढं कोरं कार्ड असे. वर इंग्रजी शब्द. खाली मराठी अर्थ. त्याखाली खूण, म्हणजे तो शब्द ग्राम्य आहे, विनोदी आहे, की कुणाची निंदा करायला वापरतात, ते. आणि शेवटी तो अर्थ दाखवणारं एक मराठी वाक्य. हे वाक्य पुस्तकातून उचलायचं नाही, आपल्या मनानं रचायचं, असा सरांचा दंडक होता. उचललेलं वाक्य त्यांना कसं कोण जाणे, वासावरून कळायचं.

ही गोष्ट एकोणीसशे शहाण्णव सालच्या श्रावणातली आहे. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. घरात आई, मी आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान भाऊ भरतेश. तो साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होता. उसाचं गाळप बंद असलं की त्याला वेळच वेळ. मग तो संध्याकाळी माझ्यासमोर बसून कार्डं उतरवून द्यायचा. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं त्याचं.

माझं लग्न झालेलं नव्हतं. मला करायचं नव्हतं. मला दीक्षा घेऊन साध्वी व्हायचं होतं. आई म्हणायची, "जा की. मी आडवी येत नाही. पण भरताचं लग्न होऊ दे. सून घरात आली, की तू मोकळी." दोन वर्षं मी त्या सुनेची वाट बघत होते.

तोपर्यंत जे घरात राहून करता येतं ते करत होते. पहाटे उठून बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात जायचं, दर्शन झाल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, आणि त्या दिवसाचा एक नियम घेऊन यायचं. आज मीठ नाही, आज तूप नाही, आज दोनच भाज्या. दिवस मावळायच्या आत जेवण. चातुर्मासाला आलेल्या एका माताजींकडून तीन वर्षांपूर्वी मी सत्याचं व्रतही घेतलं होतं. तेव्हापासून खोटं बोलले नव्हते. गल्लीत त्याचा बोलबाला झाला. नळावर भांडण लागलं की बायका म्हणायच्या, "राजाक्काला विचारा, कुणाची घागर आधी होती." शेजारच्या खोतांची पोरं पेरू चोरताना एकमेकांना बजावायची, "अक्का बघायलीय, ती सांगणार!" माझा आवाज मुळात लहान. आई म्हणायची, हिच्या तोंडाला कान लावावा लागतो. पण मी बोलले की त्यावर कुणी दुसरं काही बोलत नसे.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही गठ्ठा उघडला. आई पुढच्या खोलीत जप करत होती. भरतेशनं पहिली चार-पाच कार्डं चाळली आणि माझ्याकडं बघितलं.

"हे सरांनी तुला दिलं?"

"दिलं. कोश म्हणजे दवाखाना आहे म्हणाले."

"मग तू डॉक्टर की पेशंट?"

"मी कंपाउंडर. लिही गुमान."

तो हसला. मीही हसले. पहिलं कार्ड 'बॅट्स फॉर द अदर टीम' असं होतं. मी सरांच्या जाड इंग्रजी कोशातून अर्थ काढला आणि सांगत गेले. "लिही. दुसऱ्या संघाकडून खेळणे. म्हणजे पुरुषानं पुरुषाकडं ओढलं जाणं. खूण, निंदाव्यंजक."

"थट्टेनं म्हणतात, अक्का. निंदा आणि थट्टा यात फरक आहे."

"तुला काय माहीत?"

"ऐकलंय."

"कुठं?"

"पुण्याला. हॉस्टेलच्या मेसमध्ये. पाठीमागच्या टेबलावरून."

"कुणाबद्दल म्हणत होते?"

त्यानं टोपण लावलेलं पेन उघडलं, पुन्हा लावलं. तेवढ्यात आईनं आतून विचारलं, दूध तापवलं का, आणि मी उठले.

बुधवारी आम्ही पुढची काढली. 'स्विंग्ज बोथ वेज', म्हणजे दोन्हीकडं कल असणं, आणि 'कन्फर्म्ड बॅचलर', म्हणजे पक्का अविवाहित. या दुसऱ्यावर आम्ही बराच वेळ अडलो. इंग्रजी वर्तमानपत्रं एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या मृत्यूच्या बातमीत हे दोन शब्द लिहितात. वाचणारे समजायचं ते समजतात. लिहिणाऱ्यावर काही येत नाही.

"याला खूण काय?" मी विचारलं. "निंदा तर दिसत नाही."

"सभ्य," भरतेश म्हणाला.

"सभ्य अशी खूण नाही सरांच्या यादीत."

"मग नवी करा म्हणावं. सगळ्यात जास्त लागतं ते हेच."

त्याखालचं कार्ड होतं 'लॅव्हेंडर मॅरेज'. मी अर्थ वाचला. आपला कल लोकांना कळू नये म्हणून पुरुषानं किंवा बाईनं केलेलं लग्न. भरतेशनं तो सावकाश उतरवला. शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरून बसला.

"त्या लग्नातल्या बायकोला माहीत असतं का?"

"कधी असतं, कधी नसतं, असं लिहिलंय."

"नसलं तर तिला काय म्हणतात? तिच्यासाठी आहे का शब्द?"

"असेल कशाला?"

"आहे की." त्यानं गठ्ठ्यातून एक कार्ड ओढलं. "हे बघ. बिअर्ड."

"म्हणजे दाढी ना?"

"दाढीच. खरा चेहरा झाकायला लावतात ती. तसा माणूस दाखवायला जी बाई बरोबर ठेवतो, तिला म्हणतात."

मला हसू आलं. "बाईला दाढी? काय लोक आहेत!"

तो हसला नाही. "मगदुमांची पोरगी एम. ए. करायलीय म्हणं."

मगदूम जयसिंगपूरचे. त्यांची उज्ज्वला आम्ही एका लग्नात बघितली होती. पत्रिका जुळली होती, आईला पसंत होती, आणि येत्या रविवारी तिचे वडील आण्णासाहेब आमचा शब्द घ्यायला, सुपारी फोडायला येणार होते. मुलगी सावळी, नीटनेटकी, हसरी. लग्नात तिनं मला वाकून नमस्कार केला होता आणि विचारलं होतं, "तुमचा आज कसला नियम आहे हो?" मला ती फार आवडली होती.

"करायलीय. मग?" मी म्हणाले.

"तिला दाढी करायची का, अक्का?"

मी कार्डं सारखी करू लागले. त्याच त्या चार कार्डांच्या कडा टेबलावर ठोकत राहिले.

"तू आईला सांग," तो हळू आवाजात म्हणाला. "हे लग्न नको म्हणून. तुझं आई ऐकते. मी सांगितलं तर का, कशाला, कोण आहे, सगळं काढेल. तू नुसतं एक वाक्य बोल. भरतेशला लग्नात घालू नका, मला कारण माहीत आहे. एवढंच. पुढचं मी बघतो."

"पण का नको, ते तर सांगशील?"

तो माझ्याकडं बघत राहिला. लहानपणी पडल्यावर रडायच्या आधी बघायचा तसा.

"कार्डं आहेत ना समोर," तो म्हणाला. "सांगता आलं असतं, तर कार्डावरून बोललो असतो का?"

बाहेर उजेड कमी होत होता. आईनं हाक मारली, "राजमती, दिवस चालला. जेवून घ्या दोघं." मी उठले. जाताना म्हणाले, "राहिलेली वाक्यं तू लिही. मी उद्या बघते."

गुरुवारी आणि शुक्रवारी मला शाळेत परीक्षेचं काम होतं. भरतेशनं उरलेल्या कार्डांवर वाक्यं लिहून ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी मी एकटी बसून ती तपासली, शाईचे डाग खरवडले, दोन-तीन ठिकाणी दुरुस्त्या केल्या आणि गठ्ठा पुन्हा वर्तमानपत्रात बांधला. शनिवारी सकाळी तो सायकलवरून सरांकडं देऊन आला. परत आल्यावर नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दारात आला नाही. सरळ माडीवर गेला.

आई म्हणाली, "लाजायलाय बहुतेक. उद्या माणसं येणार ना."

मी "असेल" म्हणाले नाही. त्या दिवशी माझा गोडाचा त्याग होता आणि आई लाडू वळत होती. मीही तिच्याबरोबर वळू लागले.

रविवारी दहाच्या सुमाराला आण्णासाहेब मगदूम, त्यांचे थोरले भाऊ आणि मध्यस्थ पारिसा उपाध्ये आले. पांढरे कोट, टोप्या. पारिसामामा भारी बोलके. बसल्या बसल्या सुरू झाले, "केमिस्ट जावई म्हणजे आण्णा, तुमच्या घरात आता साखरेला मरण नाही!"

आण्णासाहेब हसून म्हणाले, "आमची पोरगी चहात साखर घेत नाही. आता घ्यायला लागेल."

भरतेश खाली आला. सगळ्यांना नमस्कार केला. पाणी दिलं. त्यानं धुतलेला शर्ट घातला होता आणि दाढी केली होती, आणि मी त्याच्या तोंडाकडं बघू शकत नव्हते. पाटावर तांदूळ, सुपारी, हळदकुंकू मांडलेलं होतं.

"मग काय वहिनी?" आण्णासाहेब आईला म्हणाले. "मुलाच्या तोंडून एक हो ऐकू या, आणि फोडू सुपारी."

भरतेश म्हणाला, "आई, जरा आत ये. अक्का, तूही."

आम्ही स्वयंपाकघरात आलो. त्यानं दार लोटलं. आई घाबरली होती. "काय रं? माणसं बाहेर बसल्यात."

"आई, मला हे लग्न नको."

"काय म्हणायलास?"

"हे नको, आणि दुसरंही नको. कधीच नको."

"का पण? पोरगीत काय वाईट बघितलास?"

"पोरगी चांगली आहे. म्हणूनच."

"कोण दुसरी हाय काय? जातीतली नाही काय?"

"कुणी नाही आई."

"मग रोग हाय काय तुला? बोल की रं! आत्ता सांगायलास, सुपारी मांडल्यावर!" आईचा आवाज चढला आणि बाहेरच्या आठवणीनं खाली आला. ती पदर तोंडाला लावून कुजबुजली, "का नको, त्याचं कारण दे मला."

भरतेशनं माझ्याकडं बघितलं.

"अक्काला विचार," तो म्हणाला.

आईनं माझे दोन्ही दंड धरले. तुपाचा वास येत होता तिच्या हातांना. "राजमती, तुला हा काही बोललाय काय? बोल. तू बोललीस की मी ऐकते. असेल तसं सांग. मी त्यांना हात जोडून परत पाठवते. पण तू सांग."

इतकं सोपं करून दिलं होतं तिनं. फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणाले, "मला तो काही बोलला नाही."

माझा आवाज लहान होता, पण अगदी स्वच्छ आला. आईनं माझे दंड सोडले. तिनं मोठा श्वास घेतला आणि भरतेशकडं वळली. "झालं? राजमती खोटं बोलत नाही. काही नाही म्हणजे काही नाही. भीती वाटायलीय तुला, सगळ्या पोरांना वाटते. चल बाहेर."

भरतेश जागचा हलला नाही. मग, मला आजही समजत नाही त्याला हे कसं सुचलं, त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मोठ्या भावानं फिरवावा तसा.

"बरोबर आहे आई," तो म्हणाला. "अक्का खरं बोलतेय. मी तिला काही बोललो नाही."

तो दार उघडून बाहेर गेला. आण्णासाहेबांच्या समोर उभा राहिला, हात जोडले. "काका, तुमच्या मुलीत काही कमी नाही. खोट माझ्यात समजा. मी लग्न करणार नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं, उशीर माझा आहे. तिला माझ्या वतीनं सांगा."

पारिसामामा उठून उभे राहिले. "अरे, चेष्टा करायलास की काय?" थोरले मगदूम संतापले, "घरी बोलवून अपमान?" आण्णासाहेब मात्र बसूनच होते. ते भरतेशकडं बघत होते, बराच वेळ. मग टोपी सारखी करून उठले आणि म्हणाले, "लग्नाआधी सांगितलंस. बरं केलंस बाबा." एवढंच बोलून ते निघाले. सुपारी तशीच पाटावर राहिली.

आई त्या दिवशी जेवली नाही. मी जेवले नाही. भरतेश माडीवर होता. आई मला म्हणाली, "तुलाबी काही सांगितलं नाही त्यानं. तुला सांगितलं असतं तर मी समजले असते गं. तुझ्यापासून लपवलं, म्हणजे काहीतरी घाणच असणार."

सोमवारी शाळा सुटल्यावर मी सरांकडं गेले. कार्डं घ्यायला नाही. कशाला गेले ते सांगता येत नाही. सरांनी टेबलावर गठ्ठा उघडला होता.

"छान झालीत. तुमच्या भावाला भाषेची जाण आहे हो. केमिस्ट होऊन फुकट गेला." ते एक कार्ड वेगळं काढत म्हणाले, "एवढं एक मला विचारायचं होतं. 'कम आउट ऑफ द क्लॉजेट'. आपला कल स्वतःहून उघड सांगणे, हा अर्थ बरोबर आहे. खूण त्यानं निंदा खोडून 'माणूस स्वतःबद्दल म्हणतो' असं लिहिलंय, ते तर फारच बरोबर आहे, मला सुचलं नव्हतं. पण वाक्यात दोन शाया आहेत. हे दुसरं अक्षर तुमचं ना?"

कार्ड मला बघायची गरज नव्हती. भरतेशनं लिहिलं होतं, 'त्यानं सगळ्यांत आधी आपल्या बहिणीला सांगितलं.' शुक्रवारी संध्याकाळी मी ते वाचलं होतं. तीनदा वाचलं होतं. मग ब्लेडनं 'बहिणीला' खरवडलं आणि तिथं लिहिलं, 'मित्राला'.

"माझं आहे," मी म्हणाले.

"का बदललं? बहिणीला हेच चांगलं होतं. त्यात जीव होता. मित्राला काय, कुणीही सांगतं."

सर चष्मा पुसत म्हणाले, "शनिवारी तो दारातच गठ्ठा उघडून बघत होता. आपलं काम एकदा नजरेखालून घालत असेल म्हटलं. हेच कार्ड हातात धरून किती वेळ उभा होता. मी आत या म्हटलं तर ऐकूच आलं नाही त्याला."

म्हणजे रविवारी सकाळी त्यानं दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि स्वयंपाकघरात माझ्याकडं बघून 'अक्काला विचार' म्हणाला, तेव्हा मी कार्ड बदलल्याचं त्याला माहीत होतं. तरी त्यानं मला विचारलं. आणखी एकदा संधी दिली.

"सर, पुन्हा पहिल्यासारखं करता येईल का?" मी विचारलं.

"कार्डावर? करा की. ब्लेड आहे तिथं."

मी ब्लेड हातात घेतलं. 'मित्राला' खरवडायला गेले आणि कार्ड तिथं फाटलं. आधीच एकदा खरवडून जागा पातळ झाली होती. सर म्हणाले, राहू द्या, मी नवीन करतो. पण त्यांनी नवीन केलं तेव्हा काय लिहिलं, ते मी कधी बघितलं नाही. कोश छापून आला, माझ्याकडं एक प्रत आहे. ते पान मी उघडलेलं नाही.

त्या माताजींचा यंदाचा चातुर्मासही जवळच होता, त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडं आलोचनेला गेले. आपल्या हातून घडलेले दोष सांगून प्रायश्चित्त घेतात ते. माताजी पाटावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. सून आली की माझी सुटका होती, हेही सांगितलं. ते मी तोपर्यंत स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "पण माताजी, मी खोटं बोलले नाही. तो मला खरंच काही बोलला नव्हता."

माताजींनी विचारलं, "मग इथं कशाला आलीस?"

त्यांनी मला प्रायश्चित्त दिलं नाही. काय द्यायचं ते आपल्याला सुचत नाही, असं म्हणाल्या. आणि दीक्षेचं मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही.

भरतेशनं महिन्याभरात गुजरातेत, सुरतेजवळच्या एका साखर कारखान्यात नोकरी धरली. जाताना मला वाकून नमस्कार केला. एस.टी. स्टँडवर मी त्याला म्हणाले, "भरत, त्या दिवशी मी..." तो म्हणाला, "गाडीत बसू दे अक्का, जागा जाईल." आणि जागा मिळाल्यावर खिडकीतून हात हलवला.

आई पुढं अकरा वर्षं जगली. शेवटपर्यंत मला विचारायची, "राजमती, तुला तरी कधी काही बोलला काय गं?" मी नाही म्हणायची. ते प्रत्येक वेळी खरंच होतं. आधीपेक्षा जास्तच खरं होत गेलं होतं. आई गेली तेव्हा तो तिचं सगळं करायला आला, चौथ्या दिवशी परत गेला. भांडण नाही, राग नाही. दर रविवारी फोन येतो. तब्येत विचारतो. गुडघ्यांसाठी तेल पाठवतो. मला कधी तिकडं बोलावलं नाही. मीही येऊ का म्हटलं नाही.

गेल्या भाद्रपदात आमचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व संपलं. त्यानंतर आमच्याकडं क्षमावणी असते. वर्षभरात कळत-नकळत जे दुखवलं असेल त्याबद्दल सगळे सगळ्यांची क्षमा मागतात. तोंडपाठ वाक्य असतं, नातवंडंसुद्धा आजोबांना म्हणतात. भरतेशला मी दरवर्षी फोनवर तेच म्हणत आले. यंदा मी चौसष्ट वर्षांची आहे. बस्तीतून आले, चटईवर बसले आणि मीच फोन लावला.

"भरत, क्षमा कर रे."

"उत्तम क्षमा, अक्का. माझंही चुकलंमाकलं असेल ते..."

"थांब. तसं नाही. तू मला सांगितलं होतंस. कार्डावर. मी वाचलं होतं. मला समजलं होतं. आणि आईनं विचारल्यावर मी तुला स्वयंपाकघरात एकटा सोडला. त्याची क्षमा कर."

अठ्ठावीस वर्षांत मी इतकी वाक्यं त्याच्याशी एकदम बोलले नव्हते.

"केली, अक्का," तो म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. आमच्या घरातलाच आवाज. "कधीच केली. तू उगाच मनात ठेवू नकोस. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेली होतीस का?"

"गेले होते. भरत, तू तिकडं... तुझं कसं चाललंय? म्हणजे खरंच कसं?"

"ठीक आहे सगळं. मस्त आहे."

तेवढ्यात त्याच्या घरात लांबून कुणीतरी हाक मारली. पुरुषाचा आवाज, वयस्कर, अगदी सवयीचा. "भरत, दूध उतू जातंय बघ!" आणि लगेच आवाज बंद झाला. त्यानं फोनवर हात ठेवला होता. हाताखालून काहीतरी बोलल्याचं पुसट ऐकू आलं, मग कुणीतरी हसल्याचं. मग हात निघाला.

"कोण आहे रे?" मी विचारलं.

"टीव्ही आहे, अक्का."

"बरं," मी म्हणाले.